देठाकडची चकती

३ मार्च

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठी पडली असेल तर पडू दे, पण वाच. अकरा वर्षांत मी तुला चार पत्रं टाकली. चारही ख्यालीखुशालीची, आणि एकातही खुशाली खरी नव्हती. म्हणून या वेळी आडवळण न घेता लिहिते. मला पंधरा दिवस सुटी हवी आहे. दुकानातून नव्हे, घरातून. तू येऊन बाबांजवळ राहशील का?

बाबा एक्क्याऐंशीचे झाले. प्रकृती ठणठणीत आहे, हीच तर पंचाईत. गेल्या वर्षी जिन्यात पडले तेव्हापासून वाकता येत नाही, वजन उचलवत नाही, पण गच्चीवरची बाग काही सुटत नाही. आई गेल्यावर तिची बाग त्यांनी हातात घेतली, आणि आता ती माझ्या हातात आणि त्यांच्या तोंडात आहे. सकाळी कठडा धरून धरून वर चढतात, खुर्चीत बसतात आणि हुकूम सोडतात. रंगाचे बावीस रिकामे डबे, एक फुटका टब आणि जुन्या कपाटाचे तीन खण. एवढ्यात टोमॅटो, मिरच्या, वांगी, पालक आणि त्यांचा तो लाडका दुधी. गच्चीवर नळ नाही. घरातून बादल्या भरून वर न्यायच्या, सात सकाळी, सात संध्याकाळी. मी चौदा म्हटलं की ते म्हणतात, तुझी आई सोळा न्यायची.

मधल्या वेळात दुकान. माझं काम अजून तेच आहे, मागच्या खोलीत उभ्याने चष्म्याच्या काचा घासायच्या. तिथेही हात दिवसभर पाण्यात. बोटांना इतक्या भेगा पडल्या आहेत की परवा एका काचेवर रक्ताचा ठिपका गेला आणि मालकांनी ती मला पुन्हा करायला लावली. त्यांचं चुकलं नाही.

मला कुठे जायचं नाही. मावसबहिणीकडे एक खोली रिकामी आहे, तिथे पडून राहायचं आहे. तू बंदरावर क्रेन चालवतेस असं तिच्याकडूनच कळलं. तुझ्याकडे निदान उचलायला यंत्र आहे. बघ जमतं का.

तुझी,
ताई


२१ एप्रिल

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. "त्या माणसाच्या घरात मी पाय ठेवणार नाही. तुला निघायचं असेल तर इकडे ये." बरं वाटलं आणि रागही आला. मी निघाले तर त्या माणसाला भात कोण लावून देणार? बोलणं सोपं असतं, बाई. अडीचशे मैलांवरून तर फारच सोपं.

पण एक गोष्ट तुझ्या डोक्यात चुकीची बसली आहे, ती काढून टाकते. "माफी माग, नाहीतर जा" हे त्या दिवशी बाबा म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते. ते भिंतीकडे बघत बसले होते. आई सहा महिने सांगत होती की अन्न खाली उतरत नाही. बाबा म्हणायचे, उन्हाने होतं. मी म्हणायचे, उन्हाने होतं. ती गेल्यावर चौथ्या दिवशी तू माणसांनी भरलेल्या खोलीत म्हणालीस की या घरात दुखणं बोलायचीच सोय नाही. मला तुझ्या बोलण्यापेक्षा त्या माणसांची लाज जास्त वाटली. तुझी बॅग मी भरली होती. चप्पलही मीच दाराबाहेर नेऊन ठेवली.

असो. दुधीला फुलं आली आहेत. तो संध्याकाळी फुलतो, पांढरी, पातळ कागदासारखी फुलं. तिसऱ्या मजल्याच्या वर भुंगेबिंगे येत नाहीत, त्यामुळे ते काम माझ्याकडे. दुकानातून आले की चपला न काढता वर जायचं, जुना रंगाचा ब्रश नर फुलात फिरवायचा आणि मादी फुलाला लावायचा. मादीच्या मागे बोटाएवढा दुधी असतो, त्यावरून ओळखायची. दिवसभर काचा बघून माझे डोळे ताणलेले असतात, मग चुकतं. बाबा खुर्चीतून म्हणतात, "नराला काय लावतेस? त्याला काय पोर होणार आहे?" एवढ्यावर मात्र मला हसू आलं.

एरवी हसण्यासारखं फार नाही. पेरणीआधी मी सुचवलं की यंदा बियाणं विकत आणू या, हे आईच्या वेळचं, किती वर्षं तेच तेच पेरायचं. झालं. बाबा ओरडत नाहीत हे तुला माहीत आहे. ते अर्धं जेवतात, ताट सारतात आणि खुर्ची भिंतीकडे वळवतात. तीन दिवस तसेच. त्यापेक्षा दोन थपडा परवडल्या. गेल्या महिन्यात किडलेलं वांगं मी त्यांना न विचारता फेकलं, तर चार दिवस. मी आता त्यांच्या भाजीतलं पानसुद्धा विचारल्याशिवाय टाकत नाही. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत आहे.

पंधरा नाही तर आठ दिवस तरी ये. हॉटेलात राहा, मी तुला किल्ली आणून देते.

ताई


१८ मे

धाकटे,

बाबा दवाखान्यात आहेत. आता धोका नाही असं डॉक्टर म्हणतात, म्हणून लिहायला बसले.

परवा रविवारी दुपारी जेवण झालं आणि अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. आधी मला वाटलं पित्त असेल. मग उलटीत रक्त दिसलं. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई धावत आल्या, नाडी बघितली आणि मला म्हणाल्या, गाडी बोलाव, आत्ता. दवाखान्यात नेईपर्यंत ते पांढरेफटक पडले होते. रक्तदाब इतका खाली गेला की दोन हातांना दोन सलाईन लावली. काल संध्याकाळी त्यांनी डोळे उघडून विचारलं की झाडांना पाणी घातलं का, तेव्हा मी समजले की हे वाचणार.

डॉक्टरांनी काय खाल्लं ते सगळं विचारलं. दुधीचं नाव घेताच त्यांनी लिहिणं थांबवलं. दुधी कडू निघाला तर तो विषासारखा बाधतो, शिजवूनही जात नाही, म्हणाले. मग विचारलं, कडू होता का? मी सांगितलं की मी खाल्ला नव्हता. ते खरंच आहे. मला त्या दिवशी भूक नव्हती.

नर्सबाई रोज संध्याकाळी डबा देतात. दुकानातून सुटी मिळाली आहे. बघ, मागत होते तेव्हा मिळाली नाही आणि आता मिळाली ती अशी.

तुला ये म्हणत नाही. कळवायचं म्हणून कळवलं.

ताई


२६ मे

धाकटे,

बाबांना घरी आणलं. मऊ भात आणि उकडलेला बटाटा, एवढंच चालू आहे. अंग अर्धं झालं आहे. वजनमापं तपासण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना काल नर्सबाईंनी काट्यावर उभं केलं, तर आकडा बघून म्हणाले, काटा बिघडला आहे.

तुझं पत्र आलं. एवढ्या मोठ्या पाकिटात एवढी एकच ओळ. "चकती चाखली होतीस का?"

म्हणजे तुला आठवतं. मला वाटलं होतं तू सगळं विसरली असशील. आई दुधी चिरायच्या आधी देठाकडची एक चकती कापायची, जिभेच्या टोकाला लावायची आणि थुंकायची. काकडीचंही तसंच. आपल्याला दोघींना स्टुलावर उभं करून शिकवलं होतं, आणि तू ती चकती थुंकायच्या ऐवजी गिळलीस म्हणून मार खाल्ला होतास. कापणाऱ्याने चाखायचं, तिचा नियमच होता.

दुधी कडू कसा झाला ते मात्र मी शोधून काढलं. परवा बियाण्याच्या दुकानात गेले होते. तिथल्या माणसाने विचारलं, जवळपास शोभेचे भोपळे लावले होते का? लावले होते. मीच. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने मला बियांची पुडी दिली होती, छोटे, सुरईसारखे, वाळवून ठेवायचे. मला वाटलं सगळी बाग बाबांची, कठड्यालगतचा एक डबा माझा असू दे. वेल छान चढला. त्यालाही फळं धरावीत म्हणून मी तोच ब्रश त्याच्या फुलांत फिरवायचे आणि मग दुधीकडे जायचे. तो माणूस म्हणाला की शोभेचा भोपळा म्हणजे दुधीचाच रानटी भाऊ, हाडाचा कडू. त्याचा पराग दुधीला लागला तर त्या वर्षीचं फळ गोडच राहतं, कडूपणा बीत जाऊन बसतो आणि पुढच्या वर्षी बाहेर येतो. गेल्या वर्षी आम्ही तो दुधी खाल्लासुद्धा, चांगला होता. आणि बाबांनी नेमकं कठड्याजवळचं सगळ्यांत देखणं फळ वेलावरच वाळवून बियाण्याला ठेवलं. आईने दरवर्षी जपलेलं बी माझ्या हाताने नासलं. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर, त्या दिवशी मी घाईत होते. आठवत नाही.

ताई


३० मे

धाकटे,

आठवतं.

चार दिवस ते "आठवत नाही" माझ्या मागे लागलं आहे. काचा घासताना, भांडी घासताना, बाबांना औषध देताना. डॉक्टरांना खोटं न बोलता खोटं बोलले, ते एक वेळ चाललं. तुला तेच लिहून पाकीट चिकटवलं तेव्हा माझी मलाच किळस आली.

चकती चाखली होती. जिभेला लागताक्षणी तोंड आत ओढलं गेलं. मी तीन वेळा चूळ भरली, तरी घशात कडू राहिलंच. कडू आहे की नाही, असा प्रश्नच नव्हता.

आता ऐक. पहिला दुधी होता. त्याची वाट बघत बाबा तीन आठवडे रोज त्याच्याकडे खुर्ची वळवून बसले होते. सकाळी मी तो तोडून आणला, त्यांनी तराजूत घातला आणि म्हणाले, एक किलो चारशे. वर्षभरात मी त्यांचा चेहरा तसा पाहिला नव्हता. दुपारचा एक वाजला होता. सकाळपासून मी चौदा बादल्या नेल्या होत्या, कारण ऊन होतं आणि संध्याकाळच्याही त्यांनी सकाळीच मागितल्या होत्या. आणि मी तिथे चाकू धरून उभी होते. दुधी फेकायचा तर आधी त्यांना सांगायला हवं. सांगितलं की ते म्हणणार, तुझ्या जिभेला चव नाही. मग खुर्ची भिंतीकडे. मग तीन दिवस. आणि परत दुसरं काहीतरी चिरायचं, शिजवायचं.

मी मनाशी म्हटलं, देठाकडेच असेल. खालच्या टोकाची चकती मी कापली नाही, कारण ती चाखावी लागली असती. भाजी केली. साखर नेहमीपेक्षा तिप्पट घातली. त्यांना वाढली. माझ्या ताटात मी ब्रेड आणि टोमॅटो घेतला.

हे नीट वाच. अजाणता झालं असतं तर मी माझ्याही ताटात वाढून घेतली असती. आपण म्हणतो ना, कुंपणानेच शेत खाल्लं, तसं झालं. त्यांनी पुन्हा मागितली. मी पुन्हा वाढली. तेव्हा माझ्या मनात काय आलं सांगू? चला, संपली की भांडं घासून मोकळी.

त्यांनी मरावं असं मला वाटत होतं का, हे मी दवाखान्याच्या बाकावर बसून स्वतःला खूप विचारलं. नाही, तसं वाटत नव्हतं. पण जगावं असंही त्या वेळी वाटत नव्हतं. मला काहीच वाटत नव्हतं. मला दहा मिनिटं बसायचं होतं.

या गोष्टीची मला भीती वाटते. वाईट वाटलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. पण ते पुन्हा होईल याची मला भीती वाटते. उद्या गोळ्यांची वेळ चुकेल, परवा गॅस चालू राहील, आणि मी तेव्हाही म्हणेन, असू दे. सध्या नर्सबाई दोन्ही वेळचं करून देतात. त्यांना वाटतं मी धक्क्यात आहे.

माझ्याबद्दल तुला जे वाटायचं ते वाटू दे. चप्पल दाराबाहेर ठेवलीच होती मी तुझी.

ताई


५ जून

धाकटे,

काल बाबांना सांगितलं. सगळं. आधी ब्रशचं आणि शोभेच्या भोपळ्याचं, मग चकतीचं. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते आणि मी समोर स्टुलावर, परीक्षेला बसल्यासारखी. वाटलं होतं खुर्ची नाही तर पलंगच भिंतीकडे वळवतील. बियाण्याचं ऐकून त्यांनी डोळे मिटले. पुढचं ऐकताना उघडले.

मग म्हणाले, "कडू होता. पहिल्याच घासाला कळलं मला."

मला आधी वाटलं ते भलतंच काही बोलताहेत. मी विचारलं, "मग खाल्लात कशाला?"

"तू फार दमली होतीस. नाही म्हटलं असतं तर उठून परत चूल पेटवली असतीस."

"आणि दुसऱ्यांदा मागितलीत ती?"

"तुला कळू नये म्हणून."

मी उठून बाहेर आले. जिन्यात बसले. वर जायचं नव्हतं, खाली जायचं नव्हतं, इकडे आड तिकडे विहीर. नर्सबाई डबा घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघून शेजारी बसल्या. मी पोटभर रडले. मग खूप राग आला. त्यांचा, माझा, आईचासुद्धा. ऐकणारा म्हणेल, बाप लेकीवर केवढी माया करतो. करत असतील. पण माया असली तरी ते विषच होतं, आणि आम्ही दोघं एकमेकांचं मन राखत एका टेबलाशी बसून ते संपवत होतो. त्यांना माहीत, मला माहीत, आणि तोंडातून शब्द नाही. आई सहा महिने असंच गिळत होती. तीही म्हणाली असेल मनात, यांना कशाला त्रास. तू जे त्या दिवशी बोललीस ते शब्दन् शब्द खरं होतं. मी तुला त्यासाठी घालवलं. माफ कर, असं लिहायला मला अकरा वर्षं लागली आणि एक माणूस मरता मरता राहिला.

परत आत गेले तेव्हा बाबा वेलाचं विचारत होते. मी सांगितलं की त्याला आणखी नऊ लागले आहेत. म्हणाले, मुळासकट काढ. माझ्या हातून होणार नाही म्हणून नर्सबाईंनी आज सकाळी तो काढून पोत्यात भरला, आणि आई ज्या पावडरच्या रिकाम्या डब्यात बी जपायची, त्यातलं उरलेलं बीही त्यात ओतलं. बाबा खालूनच विचारत राहिले, झालं का, झालं का. उरलेल्या झाडांचंही आम्ही बोललो, म्हणजे खरोखर बोललो. मी म्हटलं की मला चौदा बादल्या झेपत नाहीत. त्यांनी विचारलं, किती झेपतात? मी म्हटलं सहा. बराच वेळ हिशेब करून म्हणाले, मग टोमॅटो आणि मिरच्या ठेवू, बाकी जाऊ दे. वर्षभरात मी हा आकडा त्यांना कधी सांगितलाच नव्हता.

पण एका दिवसाच्या बोलण्याने स्वभाव बदलत नाही. आज दुपारी त्यांच्या पायाला सूज दिसली. विचारलं तर म्हणाले, काही नाही, बसून बसून आली आहे. आणि मी, एवढं सगळं होऊनही, म्हणाले, हो, तसंच असेल. वाक्य तोंडातून गेलं मात्र, मी उठले. खाली जाऊन नर्सबाईंना बोलावून आणलं. सूज औषधाची आहे, उतरेल.

मग मी बाबांना विचारलं, धाकटीला बोलावू का?

त्यांनी सुजलेला पाय पलंगावर ओढून घेतला.

"ती आली तर आपल्याला ओरडेल," ते म्हणाले.

मी म्हटलं, "हो."

"दोघांनाही."

"हो. दोघांनाही."

"मग बोलाव," म्हणाले.

ताई